ऐंशी दातांचं पातं

मशीन घ्यायला गोंदियाला मीही येते, असं ललिताबाई म्हणाली तेव्हा रत्नपालला हसू आवरेना.

"मोठीमाय, तू कायले येतेस वं? तिथं का लुगडी घ्याची आहेत? झुडपं कापाची मशीन आणाची आहे."

"मंग? झुडपं का तूच पाह्यलीस जलमात? माही सारी उमर इळा धरून गेली. तुले तर रायमुनिया आन् बेशरम वेगळी ओळखता येत नाही."

"बरं बाबा, चल. पण बसमधी उलटी झाली तर मले सांगू नोको."

रत्नपाल तिच्या धाकट्या दिराचा मुलगा. सदतीस वर्षांचा, गावात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवणारा आणि विहार समितीचा सचिव. त्याच्या बोलण्याला त्याच्या मोठेबाबांची, म्हणजे ललिताबाईच्या नवऱ्याची धार होती. सेवकराम जाऊन सहा वर्षं झाली होती. तरी सभेत रत्नपाल उभा राहून बोलू लागला की तिला वाटायचं, तेच बोलताहेत, फक्त केस काळे करून आलेत.

मशीनचं निघालं ते गेल्या श्रावणापासून. गावातल्या निर्मलाबाईचा नवरा वारला तेव्हा पाऊस उभा होता. नाल्यापलीकडच्या मसनवटीत एवढं रान माजलं होतं की तिरडी दोनदा खाली ठेवावी लागली. खांदेकऱ्यांच्या पिंढऱ्या फाटल्या. एकाच्या पायावरून साप गेला, तो ओरडला आणि खांदा सोडला. निर्मलाबाई घरी होती, तिला कोणी हे सांगितलं नाही. पण अशा गोष्टी गावात लपत नाहीत. तेराव्याला कोणी जमलं नाही, आपल्यात तेरावं नसतंच, पण त्याच आठवड्यात विहारात सभा भरली आणि जागा साफ करून तिथं शेड मागायचं असं ठरलं.

ईश्वरदास म्हातारा म्हणाला होता, "कायले एवढा विचार करून राहिले? जेसीबी लावा. दोन घंट्यात मैदान."

"काका, जेसीबी साफ नाही करत, उकरते," रत्नपाल म्हणाला. "तुमच्या बापाले पुन्हा वर काढाचं आहे का?"

सगळे हसले. ईश्वरदासही हसला. मग सर्वांनी मिळून मान्य केलं की कापायची मशीन घ्यावी, कोणाचा दगड हलू नये. रत्नपालने विचारलं, "ज्याच्या घरचं कोणी तिथं असंल त्यानं आत्ताच सांगा. दगडाले चुना लावून ठेवतो. मागून बोंबलाल तर मी ऐकणार नाही." लोकांनी आपापले दगड सांगितले. कोणाचा आजा, कोणाची माय, कोणाचा विहिरीत पडलेला भाऊ. रत्नपाल लिहीत गेला. सेवकरामचा दगड त्याने न विचारताच लिहिला. शेवटी वही मिटत म्हणाला, "नाल्याकडची बोराटी सारीच काढाची. तिथं तर काहीच नाही."

तिथं काहीच नाही. ललिताबाई खांबाला टेकून बसली होती. तिच्या तोंडात लवंग होती, ती तिने चावली नाही, तशीच धरून ठेवली. बोलायचं असतं तर तीच वेळ होती.

पूर्वी लेकराला माती दिली तर त्यावर दगड ठेवत नसत. मोठ्या माणसावर दगड, लेकरावर बोराटी, असा गावचा रिवाज. लेकराचा खड्डा तो केवढा! कोल्ही, रानकुत्री टपलेली. म्हणून बोरीची काटेरी फांदी तोडून वर घालायची आणि वाऱ्याने सरकू नये म्हणून फांदीच्या बुडावर दोन धोंडे चेपायचे. लेकरं जास्त करून थंडीत जायची. थंडीतच बोरी लदलेल्या असायच्या. फांदीवरची बोरं तिथंच गळायची, पावसाळ्यात त्यातलं एखादं रुजायचं. असं एकेक करत नाल्याकाठी बोरीचं बन उभं राहिलं. ते कोणी लावलं नव्हतं आणि आपोआपही आलं नव्हतं. गावातल्या बाया त्याला लेकरांचा कोपरा म्हणत. तिकडची बोरं खायची नाहीत हे प्रत्येक पोराला आईने सांगितलेलं असे. का, ते सांगितलेलं नसे. आता त्या बाया राहिल्या नाहीत, दवाखाने आले, लेकरं जगू लागली. नव्या पोरांना तिथं फक्त काटे दिसतात. दिसायला तेवढंच आहे.

ललिताबाईची अल्का तिथं आहे.

सत्याहत्तर साली ती झाली. ललिताबाई तेव्हा एकवीस वर्षांची. पहिलंच लेकरू. पौषातल्या थंडीत पोरीला डबा झाला, छाती कफाने भरली, भात्यासारखी उडू लागली. बैलगाडीने अर्जुनीच्या डॉक्टरकडे नेत होते, पण प्रतापगडचा डोंगर पाठीमागे पडण्याआधीच मांडीवरचं अंग हलकं लागू लागलं. ललिताबाई गाडीत तशीच बसून राहिली आणि सेवकरामला म्हणाली, "हाका ना, थांबले काऊन?" सेवकरामने बैल वळवले होते, ते तिला कळलं नव्हतं. सात महिन्यांची होती.

बायांनी मसनवटीत जायचं नसतं, ती गेली नाही. सेवकराम आला तेव्हा त्याच्या दोन्ही तळव्यांत बोरीचे काटे मोडलेले होते. तिने चिमणीच्या उजेडात सुईने एकेक काटा काढला. सतरा निघाले. मग आठ-दहा दिवसांनी सरपणाच्या निमित्ताने त्याने तिला नाल्यापलीकडे नेलं आणि दाखवलं. चिंचेपासून नाल्याकडे एकवीस पावलं.

ती म्हणाली होती, "एखादा दगड तरी ठेवा जी. खूण राहील."

"दगड नाही ठेवाचा," सेवकराम म्हणाला. "आज दगड, उद्या त्याले शेंदूर, परवा नारळ. बाबानं घरातले देव नाल्यात सोडले, ते मी पुन्हा नाल्याकाठी मांडू का?" त्याचा बाप दीक्षा घेऊन आला होता तेव्हा सेवकराम चार वर्षांचा होता आणि देवांची टोपली नाल्यापर्यंत त्यानेच एका हाताने धरली होती. ही गोष्ट तो आयुष्यभर सांगत असे.

आणि सासू जमुनाबाईने घरात ताकीद दिली, "गेलेल्या लेकराचं नाव घेऊ नोको. मागचं लेकरू टिकत नाही." सेवकराम असलं काही मानत नव्हता. मानत नव्हता, पण नाव घेतही नव्हता. पुढे संघदीप झाला, टिकला, शिकला, गोंदियाजवळ मुर्रीला घर बांधून राहिला, त्याला सून आली, खुशबू, तिला दोन मुलं झाली. आपल्याला एक मोठी बहीण होती हे संघदीपला आजतागायत माहीत नाही.

फक्त एकदा, आठ वर्षांचा असताना, तो दोन्ही खिसे बोरांनी भरून घरी आला. "माय, नाल्याजवळ एक दोन फाट्याची बोर आहे ना, तिचे बोरं साखरेवानी लागते." ललिताबाईने त्याला मारलं. त्याआधी कधी मारलं नव्हतं, पुढेही नाही. तो रडत बाहेर गेला. मग तिने जमिनीवर सांडलेली बोरं पदरात वेचली. टाकवेनात आणि ठेवताही येईनात. शेवटी एक तोंडात घातलं. पोरगा खरं बोलत होता.

गोंदियाच्या बाजारात नंदलालचं दुकान होतं. पंप, पाइप, फवारे, आणि एका भिंतीला ओळीने टांगलेली कापायची यंत्रं. नंदलाल गोरा, स्थूल, चष्मा कपाळावर ठेवणारा. त्याने ललिताबाईला स्टूल दिलं.

"बैठो अम्मा. आज तक कोई अम्मा मशीन पसंद करने नहीं आयी. पोते का रिश्ता देखने आती हैं."

"पुतण्या आहे हा. याचं लगन झालं, दोन पोरं आहेत," ललिताबाई म्हणाली.

"तो फिर मशीनही देखो. जमीन कैसी है? घास है के झाडी?"

रत्नपालने सांगितलं, "दोन्ही. तरोटा, गाजरगवत, बेशरम, रायमुनिया. दगड आहेत मधीमधी. आन् एका कोपऱ्यात बोराटी."

"बोर कितनी मोटी?"

रत्नपालने आपलं मनगट दाखवलं. ललिताबाईने त्याच्या मनगटाकडे पाहिलं. बरोबर दाखवत होता.

नंदलालने एक लांब दांड्याचं यंत्र काउंटरवर आडवं ठेवलं. एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला रिकामी जागा, तिथं हवं ते बसवायचं. त्याने आधी एक काळी डबी बसवली, तिच्यातून जाड नायलॉनच्या दोऱ्याची दोन टोकं मिशांसारखी बाहेर आलेली. "ये घास के लिए. घूमेगा तो घास उडा देगा. पत्थर लगा तो डोरी टूटेगी, पत्थर का कुछ नहीं बिगडता. लेकिन झाडी इससे नहीं कटेगी. उंगली बराबर डंडी भी नहीं." मग तीन पात्यांचं एक चक्र दाखवलं, रायमुनियासाठी. आणि शेवटी कागदात गुंडाळलेली एक गोल तबकडी काढली. कडेने बारीक दातच दात. "अस्सी दांत. लकडी वाला. बोर, बबूल, कुछ भी."

ललिताबाईने त्या तबकडीला बोट लावलं. तेल लावलेलं थंड लोखंड. तिला अर्जुनीची लाकडं कापायची जुनी आरामशीन आठवली, लाकूड आत जाताना किंचाळायची ती.

"हे दोरीवालं घेऊन टाक," ती रत्नपालला म्हणाली. "हेच बेस. दगडाले लागलं तरी काही होत नाही म्हणते ना. आपल्या इथं सारे दगडच आहेत."

"मोठीमाय, दोरीनं बोराटी कापंल का?"

"नाही कापली तर राहू दे. बोराटी का तुहं खाऊन राहिली?"

"शेड कुठं येते मंग? पंचायतीनं नकाशात तोच कोपरा दाखवला. नाल्याकडून उतार आहे ना." त्याने हाताने हवेत नकाशा काढला. "दगडापाशी दोरी लावतो, बोराटीले पातं. दोन्ही घेऊन राहिलो. तू टेंशन नोको घेऊ."

"बोरीचे काटे उडतात. डोळे जातील तुहे."

"गॉगल देता हूं ना अम्मा," नंदलाल म्हणाला. "जाली वाला टोपा भी. आपका भतीजा सही सलामत घर आएगा."

वजनावरून, पेट्रोलवरून पुष्कळ बोलणं झालं. पाठीवर घ्यायचं की खांद्याला अडकवायचं, तेल पेट्रोलमध्ये मिसळायचं की इंजिनात वेगळं घालायचं. ललिताबाई ऐकत होती आणि ऐकत नव्हती. तिला समजलं होतं की यंत्र निवडायला ती आली खरी, पण जे तिला हवं होतं ते या भिंतीवर टांगलेलं नव्हतं. तिला असं यंत्र हवं होतं जे एक झाड ओळखतं.

रत्नपाल मिस्त्रीबरोबर मागच्या आवारात मशीन चालू करून बघायला गेला. घरघर सुरू झाली. ललिताबाईने स्टूल काउंटरजवळ ओढलं.

"सेठ, एखादं झाड ठेवाचं असंल, कापाचं नसंल, तर मशीनवाल्याले कसं समजते?"

नंदलालने चष्मा डोळ्यांवर घेतला. "अच्छा सवाल है अम्मा. मशीन चालू हुई तो आदमी बहरा. गॉगल में से सब हराही हरा दिखता है. आम के बगीचेवाले क्या करते हैं, जो पौधा बचाना है उसको लाल कपडा बांध देते हैं. लाल दूर से दिखता है. कारीगर छोड देता है."

"लाल."

"हां. चटक लाल."

तिच्या छातीवरचं काहीतरी थोडं सरकलं. बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही, दगड ठेवायचा नाही. एक चिंधी. धंद्यातली खूण आहे ती, देवाधर्माची नाही. सेवकराम असते तरी नाही म्हणाले नसते.

"आणि समजा चुकून कापलंच," तिने विचारलं, "तर बोर पुन्हा फुटते ना?"

"बोर? बोर कभी मरती है क्या? एक काटो, दस फूटेंगे." तेवढ्यात रत्नपाल आत आला, कानात बोट घालून हलवत. नंदलालने मागच्या फळीवरून एक पांढरी बाटली काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. "इसलिए ये भी ले जाओ भाई. काटते ही ठूंठ पे ब्रश से लगा देना. एक घंटे के अंदर. जड तक जाता है. फिर नहीं फूटेगी."

"देऊन टाका," रत्नपाल म्हणाला.

परतीची बस कोहमाऱ्याला थांबली. मशीनचं खोकं रत्नपालने सीटवर ठेवलं आणि तिथूनच खिडकीतून दोन चहा घेतले. खाली ढाब्यासमोर ट्रकांची रांग, धूळ, तळणाचा वास. तो खुशीत होता. खोक्यावर थाप मारत म्हणाला, "मोठेबाबा असते ना, तर त्यायनं पहिली पाळी स्वतः घेतली असती. मले म्हणाले होते, मसनवटीची भीती काढाची असंल तर तिथला अंधार काढा."

"म्हणत होते," ललिताबाई म्हणाली.

"तू आज गप गप काऊन आहेस?"

तिने कपातल्या सायीकडे पाहिलं. "रत्नपाल, संघदीपच्या आंधी..."

"हं?"

संघदीपच्या आधी. एवढंच बोलून तिला वाटलं, जमुनाबाई मागच्या सीटवर बसली आहे आणि मुर्रीच्या घरात संघदीप आता याच क्षणी जिन्यावरून उतरतो आहे. सत्तरीला आलेली बाई, नवऱ्याने आयुष्यभर असल्या भीत्या खोडून काढल्या, तरी तिने बोलणं वळवलं.

"संघदीपच्या आंधी बस नव्हती इकडं," ती म्हणाली. "चहा लय गोड आहे."

"ढाब्याचा चहा तसाच राहते," रत्नपाल म्हणाला, आणि कप खिडकीतून खाली दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेण टाकायला शेणखळ्यावर जाते म्हणून निघाली आणि नाला ओलांडला. पाणी घोट्याएवढं होतं. मोठ्या माणसांचे दगड चुन्याने पांढरे केलेले, रानात मधूनमधून दिसत होते. सेवकरामच्या दगडाशी ती थांबली नाही. चिंचेपासून एकवीस पावलं मोजायची गरज नव्हती, पण तिने मोजली. आता एकोणतीस भरली. पावलं आखूड झाली होती.

तिथंच दोन फाट्यांची बोर नाल्याकडे झुकून उभी होती. बोरं लागलेली. काही पिवळी, काही अजून हिरवी. तिने जुन्या लाल पोलक्याची पट्टी फाडून आणली होती. फांदीला हात घालताना मनगटावर ओरखडे उठले. तिने दोन गाठी मारल्या, चांगल्या घट्ट. थोडी मागे सरून पाहिलं. हिरव्यात लाल उठून दिसत होतं. रस्त्यावरूनही दिसलं असतं.

"राहशील आता," ती म्हणाली. कोणाला म्हणाली, तिचं तिलाच कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी काम सुरू झालं. ललिताबाईने काम करणाऱ्यांसाठी भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण रांधायला घेतलं होतं. तिचा हिशेब सरळ होता. रत्नपाल पुढून सुरू करील, दगडांच्या बाजूने, आधी गवत, मग रायमुनिया. कोपऱ्यापर्यंत यायला दुपार होईल. तोवर ती डबे घेऊन पोचेल. चिंधी पाहून त्याने विचारलंच, तर सांगेल, माही आहे. तेवढंच सांगेल. तेवढं सांगता येईल.

घरातून मशीनचा आवाज ऐकू येत होता. भुंग्यासारखा, एकसुरी. चुलीपुढे बसून ती ऐकत होती. मग आवाज थांबला. बराच वेळ शांत. ती भाताचं झाकण उघडून शितं चेपून बघत होती तेव्हा पुन्हा सुरू झाला आणि या वेळी निराळा होता. बारीक, किंचाळल्यासारखा. तिने लगेच ओळखला. आरामशीनचा आवाज. भात तसाच चुलीवर सोडून ती उठली.

नाला ओलांडताना तिची चप्पल पाण्यात राहिली. पुढचं रान अर्ध्याहून जास्त तसंच होतं. दोघी बाया दाताळ्याने गवत ओढत होत्या, त्यांनी हाक मारली, तिने ऐकलं नाही. कोपऱ्यात रत्नपाल उभा होता, जाळीचा टोप, काळा गॉगल, खांद्याला पट्टा. त्याने तिला पाहिलं आणि मशीन बंद केलं. टोप वर केला. तोंडावर घाम आणि लाकडाचा भुसा.

"अवं, तू अनवाणी? भात झाला का?"

ती त्याच्या मागे पाहत होती. दोन फाट्यांची बोर आडवी पडली होती. तिच्या पलीकडे आणखी दोन-तीन कापलेल्या. बाकीचं बन अजून उभं होतं. ठेंगण्या बुंध्यावर पांढरं काहीतरी ओलं चकाकत होतं.

"हिले आंधी काऊन कापलं?" तिने विचारलं. आवाज आपला आहे असं तिला वाटलं नाही.

"तेच तर सांगतो!" रत्नपाल म्हणाला. "पुढून सुरू केलं होतं. मान वर करून पाहतो तर हिच्या फांदीले लाल चिंधी. नवी. घट्ट दोन गाठी. कोण्या बाईनं नवस बांधून ठेवला, मोठीमाय! आपल्या मसनवटीत! आज एक चिंधी, उद्या शंभर, मंग इथं चिंध्यादेवी बसवतील आन् शेड तिच्या बापाले विचारून बांधा. म्हटलं आंधी हिचंच काम लावतो. चिंधी काढून जाळली, झाड आडवं केलं, दवाई पण पहिले तिलेच पाजली." त्याने घाम पुसला. "मोठेबाबा असते तर पाठ थोपटली असती का नाही? त्यायचंच तर शिकवलेलं."

बाजूला गवताचा लहानसा ढीग धुमसत होता. त्यात कापड ओळखू येण्यासारखं काही नव्हतं.

ललिताबाई खाली बसली. त्याच्या बोलण्यात एक शब्द खोटा नव्हता. थोपटली असती. सेवकरामने पाठ थोपटली असती, आणि मग घरी येऊन रात्रभर आढ्याकडे पाहत पडला असता. आणि तिनेही सुई काढली नसती, कारण या वेळी काटे त्याच्या हाताला लागले नसते.

"मोठीमाय? चक्कर आली का?"

तिने मान हलवली. मग ती उठली आणि आडव्या बोरीकडे गेली. एक फांदी तिच्या हाताएवढी होती, बोरांनी लदलेली. तिने ती दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. काटे तळव्यात गेले. तिने सोडली नाही. ओढत ओढत ती फांदी तिने बुंध्याच्या अलीकडे, नाल्याच्या बाजूला आणली, जागा नजरेने बघितली आणि फांदी आडवी टाकली. बुड चिंचेकडे, शेंडा नाल्याकडे. सेवकरामने तशीच टाकली होती.

"काय करून राहिलीस वं? हातमोजे तरी घे. अवं, रक्त निघून राहिलं!"

"कोल्हे येतात," ती म्हणाली.

"कोल्हे कुठं आहेत आता? आन् काय खातील इथं?"

"पोरगी लहान आहे."

रत्नपालने पट्टा खांद्यावरून उतरवला. मशीन खाली ठेवताना पात्याने जमिनीवर एक हलकी खरड उठवली. त्याने आडव्या फांदीकडे पाहिलं, मग उरलेल्या बोरींकडे. एकेक करून सगळ्यांकडे पाहिलं, जणू त्या आत्ताच तिथं येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"चिंधी तुही होती?" त्याने विचारलं.

"माही."

"मोठीमाय, सांगाचं ना वं मले. मी विचारलं होतं सभेत. मी सगळ्यायले विचारलं होतं." त्याने टोप डोक्यावरून काढला. "काऊन नाही सांगितलं?"

यावर सांगण्यासारखं तिच्याकडे खूप होतं आणि त्यातलं काहीही आता उपयोगाचं नव्हतं. तिने फक्त नाव सांगितलं. अठ्ठेचाळीस वर्षांनी ते तोंडातून निघालं तेव्हा ते अगदीच साधं नाव होतं, शाळेच्या पटावर कोणत्याही वर्गात सापडेल असं. काही झालं नाही. कुठून कोणी जिन्यावरून पडल्याची बातमी आली नाही.

"अल्का," रत्नपाल हळूच म्हणाला. पांढरी बाटली बुंध्याजवळ उघडी होती. त्याने वाकून तिचं झाकण लावलं, उगाचच, घट्ट.

वारा सुटला. फांदी थोडी सरकली.

"दोन धोंडे आण," ललिताबाई म्हणाली. "चुन्याचे नोको. साधे."

तो नाल्यात उतरला आणि दोन्ही हातांत दोन ओले धोंडे घेऊन आला. तिने बोटाने दाखवलं तिथं, फांदीच्या बुडावर त्याने ते ठेवले आणि वरून दाबले. मग हात झटकून उभा राहिला. तळहाताकडे पाहिलं. एक काटा अर्धा आत गेला होता.

"इकडं दे," ती म्हणाली. "घरी सुई आहे."